झाकणाला आलेलं टेंगूळ

लग्नाच्या जेवणाच्या ऑर्डरी मी घेते. भरलेली पातेली, शेगड्या आणि कामाच्या बायका व्हॅननं कार्यालयात पोहोचवायचं काम माझ्या धाकट्या दिरांचं. एका सकाळी राजारामपुरीत आमच्या दारात व्हॅनच्या मागच्या चाकांमध्ये काळ्या तेलाचं थारोळं दिसलं.

"पन्हाळ्याच्या वाटंवर दगड लागला, वैनी," दीर म्हणाले. "डिफरन्शियलचं झाकण फुटलंय. मी एकटाच जाऊन बदलून आणतो."

ते 'एकटाच' मला खटकलं. ते आंघोळीला गेल्यावर मी पोतं अंथरून गाडीखाली सरकले. मागची चाकं फिरवणारी चक्रं ज्या गोल डब्यात असतात, त्याचं हे पत्र्याचं झाकण. मोबाइलच्या उजेडात चीर दिसली, आणि चिरेभोवती टेंगूळ. माझी उभी हयात भांड्यांत गेलीय. बाहेरून ठोकर बसली की पोचा आत जातो. हा पत्रा बाहेर आला होता.

म्हणजे दगड खोटा. मग खरं काय? माझ्यामागं गाडी भाड्यानं देतात? कुणाच्या विटा वाहतात? परवा दुपारी फोन का उचलला नव्हता? नवऱ्याला सांगावं तर भावाभावांत वाजणार. दिरांनी तेल गळू नये म्हणून चिरेत साबण भरला, नवं तेल ओतलं आणि निघाले, तेव्हा मीच पुढच्या सीटवर जाऊन बसले.

"तुम्ही कशाला, वैनी?"

"असंच."

शिरोलीच्या गॅरेजपर्यंत त्यांनी नजर रस्त्यावरून काढली नाही. नेहमी त्यांचं तोंड थांबत नाही.

तिथल्या मेस्त्रींनी झाकण उघडलं. तळाच्या तेलात एक बोल्ट सापडला, डोकं चेचलेलं. "ह्यो आत सुटून फिरत हुता. त्यानंच झाकण फोडलं," ते म्हणाले. मग झाकण चिकटवलेला कडेचा ताजा गोंद नखानं खरवडून दिरांकडं बघत राहिले. "पावणं, ह्याच्या आधी कुणी खोललं हुतं?"

दीर माझ्याकडं बघेनात. मी त्यांना बाहेर नेलं.

"मागच्या चाकांकडनं आवाज यायला लागलता," ते म्हणाले. "माझ्या मित्रानं मंगळवार पेठेत नवं गॅरेज टाकलंय. त्याच्याकडं कुणी फिरकंना. म्हटलं, आपलीच गाडी देऊ. त्याच्याकडनं बोल्ट ढिला राहिला असणार."

"आणि दगड?"

"दगडाला कोण शिव्या देत न्हाय की, वैनी."

मला हसू आलं नाही. मागच्या बाजूला कढत आमटी असते आणि तिच्याशेजारी माझ्या बायका बसतात, हे मी त्यांना सुनावलं.

नशिबानं चक्रांचे दात शाबूत होते. मेस्त्रींनी सगळे बोल्ट नवे घातले आणि पत्र्याऐवजी जाड ओतीव झाकण बसवलं. काम सुरू असतानाच मित्राला मी तिथं बोलावून घेतलं. तो आला, मेस्त्रींच्या शेजारी उकिडवा बसला आणि शेवटपर्यंत मान वर न करता बघत राहिला.

तेव्हापासून दीर मला सगळं सांगतात. आरसा हलतोय, दार कुरकुरतंय, हॉर्न बसलाय. इतकं सांगतात, की मी ऐकता ऐकता मनात विचारते, ह्यात गाळलं काय?