वाघोबापुढचा तिसरा दगड

ऑफिसच्या दाराला टांगलेलं लिंबू काढून त्याचं सरबत करून प्यालेला माणूस मी. मिरचीही वाया जाऊ दिली नाही, डब्यातल्या वरणभाताबरोबर खाल्ली. तेव्हा भुतंखेतं, नवस, अंगारे-धुपारे यांवर माझा किती विश्वास असेल ते तुम्हीच ओळखा. या सदरातले अनुभव वाचताना मला बहुतेक वेळा हसूच येतं... आणि आज मीच लिहायला बसलोय. आता तुम्ही हसलात तर माझी काही तक्रार नाही.

गोष्ट युद्ध संपल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातली. मी आणि मधू गिरगावात समोरासमोरच्या चाळींत राहायचो आणि एकाच ऑफिसात नकाशे काढायचो. शनिवारी अर्धा दिवस काम असे. एका शनिवारी मधू म्हणाला, "चल, दोन दिवस मुंबईबाहेर जाऊन येऊ." मुंबईबाहेर म्हणजे माथेरान, दुसरं काय? मी मामेभावाची हॅट मागून आणली आणि घोड्यावर बसून फोटो काढायचं मनाशी ठरवूनही टाकलं. पण नेरळ आलं तसा मी पिशवी घेऊन उठलो, तर मधूने माझा हात धरून खाली बसवलं. "आपण कर्जतला उतरतोय," तो म्हणाला. "कोंडाण्याला जायचंय. लेणी आहेत तिथे."

"लेणी बघायला तुला घारापुरी काय वाईट होती?"

यावर त्याने खरं काय ते सांगितलं. मधूचा मोठा भाऊ नाना बेचाळीसच्या धामधुमीत घर सोडून गेला होता, एवढं मला ठाऊक होतं. त्याचं शेवटचं पत्र कर्जतच्या शिक्क्याचं होतं आणि त्यात 'उद्या कोंडाण्याच्या वर जाईन' असं वाक्य होतं, हे मला नवीन होतं. गेल्याच महिन्यात कोणीतरी निरोप आणला, की नाना जंगलात तापाने गेला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असं तो निरोप्याही म्हणत नव्हता. पण मधूच्या काकांना तेवढं पुरे होतं. येत्या अमावास्येला नानाचं क्रियाकर्म उरकायचं आणि सुशीलावहिनींचं कुंकू पुसायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. वडील नव्हते, नानाला मूल नव्हतं, म्हणजे क्रियेला बसणार मधू. वहिनी एकच म्हणत होत्या — ज्याने पाहिलं त्याला माझ्यासमोर आणा.

"अमावास्येला नऊ दिवस उरलेत," मधू म्हणाला. "त्याआधी मला एकदा विचारून तर यायला हवं ना रे?"

मी हॅट काढून मांडीवर ठेवली. घोड्याचा विषय पुन्हा काढला नाही.

कर्जतहून उल्हास नदीच्या काठाकाठाने चालत कोंडाण्याला पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. पहिल्याच घरासमोर एक म्हातारा कोयत्याने डहाळ्या तोडत बसला होता. हे धाकूबाबा. त्यांची बायको आवडाबाई. दोघंच राहायची, मुली लग्न होऊन गेलेल्या. आम्ही मुंबईचे म्हटल्यावर म्हातारीने आधी पाणी दिलं आणि मग, "आता अंधाराचं कुटं जाता? हितंच ऱ्हावा," असं सांगूनच टाकलं.

मधूने आडवळण घेतलं नाही. साडेतीन वर्षांपूर्वी मुंबईचा कोणी उंच माणूस इथे आला होता का, असं त्याने थेटच विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघायला लागली.

"भात पोटरीला आला व्हता तवा," धाकूबाबा म्हणाले. "उंचेला, चस्मा लावनारा. रातच्याला आमच्याकडंच जेवला."

"चष्म्याची दांडी..." मधू म्हणाला.

"मोडलेली व्हती," आवडाबाई म्हणाली. "तांबड्या सुतानं बांदलेली. मी म्हनलं बी त्याला, बायकोनं बांदली वाटतं. तर लाजला."

ते सूत वहिनींनीच बांधलेलं होतं. मधूने मान खाली घातली. मी उगाच हॅटची धूळ झटकत राहिलो.

धाकूबाबांनी पुढचं सांगितलं ते असं. गावाबाहेर, डोंगराची वाट जिथे सुरू होते तिथे, आंब्याखाली वाघोबाचं ठाणं आहे. लाकडाला, गवताला, कशालाही वर जाणाऱ्याने ओढ्यातला एक दगड उचलून वाघोबापुढे ठेवायचा. परत येताना आपला दगड आपण उचलायचा आणि ओढ्यात टाकायचा. तिन्हीसांजेला शेवटचा माणूस बघतो. एखादा दगड उरला असेल तर कोणीतरी वरच राहिलंय, मग गाव पलिते घेऊन शोधायला निघतं. घाटाने पलीकडे उतरणारा दगड ठेवत नाही. मला ही पद्धत ऐकून गंमत वाटली. देवाच्या नावाने चालणारं ते चक्क हजेरीपुस्तकच होतं.

"त्यानं सकाळी दगड ठेवला, माझ्यादेखत," धाकूबाबा म्हणाले. "सांजंला जेवायला येतो म्हनला. नाय आला. चार दिस आमी रान धुंडालला, राजमाचीपातूर गेलो. कायबी गावला नाय."

"आणि तो दगड?" मी विचारलं.

"हाय की तितंच. दुसऱ्याचा दगड कोन उचलंल? उचलला तर त्याला सोदायला जायाचं कोनी?"

साडेतीन वर्षं गावाने तो दगड हलवला नव्हता. गावाच्या हिशेबी नाना अजून वरच होता.

मधूने विचारलं, "मी त्याचा सख्खा भाऊ आहे. मी उचलला तर?"

"रगताच्या मानसाला उचलता येतो," धाकूबाबा म्हणाले. "पन मंग आमी समाजतो, सोद संपला. घाई करू नको, पोरा. सकाळी बगू."

रविवारी सकाळी चहा घेऊन निघालो. धाकूबाबांचा वाफा वाघोबापासून वीसेक पावलांवर होता. तिथे नवराबायकोंना राब भाजायचा होता, म्हणजे पावसाआधी भाताच्या वाफ्यावर डहाळ्या, शेण, पाचोळा रचून पेटवून द्यायचा. ठाण्यापुढे आम्ही थांबलो. शेंदूर फासलेला वाघोबा, आणि त्याच्यासमोर एकच दगड. नारळाएवढा, करडा, तीन पावसाळे खाऊन मातीत निम्मा रुतलेला, एका अंगाला शेवाळ वाळून काळं पडलेलं. मी वाकून नीट पाहिला. नकाशे काढणाऱ्याची सवय, दुसरं काय.

मधूने ओढ्यातून दगड आणून ठेवला. मीही आणला, चांगला मोठा बघून. "मोठा ठेवला की आधी शोधायला याल ना?" मी म्हणालो. धाकूबाबा हसले नाहीत.

तासाभरात लेण्यांपाशी पोचलो. केवढं ते कोरीवकाम, आणि तिथे आमच्याशिवाय चिटपाखरू नाही. एरवी मी वही काढून मापं घेत बसलो असतो. पण मधू आत जाऊन उभा राहिला आणि त्याने हाक मारली — "नाना!" मोठ्याने, घरात मारावी तशी. आतल्या दगडांनी ती परत दिली. त्याने आणखी दोनदा हाक मारली. मग पायरीवर बसला आणि रडला. मला काय करावं कळेना. मी दशम्यांचं पुडकं सोडून त्याच्यापुढे ठेवलं, आणि दोघांनीही त्याला हात लावला नाही.

"बस झालं," शेवटी तो म्हणाला. "खाली गेल्यावर दगड उचलतो. काका म्हणतात तेच खरं. वहिनीला सांगतो, की मी तुझ्या वतीने शोधून आलो."

उतरताना वाट अरुंद, एका वेळी एकच माणूस जाईल अशी. मी पुढे, मधू मागे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे प्रत्येकाने मला हाच प्रश्न विचारला आहे. मधू एकदाही माझ्या पुढे गेला नाही. आंब्याखाली पहिला मी पोचलो.

माझा दगड होता. मधूचा होता. तिसरा नव्हता.

त्या जागी वाटीसारखा खळगा होता. आतली माती ओली, गार, काळी. आणि खळगाभर मुंग्या... पांढरी अंडी तोंडात धरून सैरावैरा धावत होत्या. घरावरचं छप्पर अचानक उडाल्यावर माणसं धावतील तशा. चैत्राच्या तोंडचं ऊन होतं. ओली माती उघडी पडली तर पाव तासात सुकते. म्हणजे दगड उचलून पाव तासही झाला नव्हता.

मी धाकूबाबांना हाक मारली. म्हातारा आला, त्याने खळगा पाहिला.

"तुमी उचलला?"

"आम्ही आत्ता येतोय, बाबा. तुम्ही?"

"मी?" म्हाताऱ्याचा चेहरा रागाने लाल झाला. "साडेतीन वर्सं जपला आन आज उचलू?"

सकाळपासून या वाटेने कोण गेलं-आलं, ते मी खोदून खोदून विचारलं. आम्हा दोघांशिवाय कोणी नाही, असं म्हातारा-म्हातारी दोघंही ठामपणे सांगत होती. राबाचा धूर होता, हे मी मान्य करतो. धुरात एखादा माणूस निसटू शकतो. माकडाने दगड ओढला असेल म्हणावं, तर तो आसपास पडलेला दिसायला हवा. मी पन्नास पावलांपर्यंत सगळीकडे हिंडलो, मग ओढ्यावर गेलो. डोहाचं पाणी एका कडेला थोडं गढूळ होतं. पण गावच्या म्हशीही तिथेच पाणी प्यायला येतात. आणि दगड म्हणाल तर ओढ्यात हजारो, त्यातला आपला कोणता ओळखणार?

मधू तिथेच खळग्याजवळ उकिडवा बसून होता. रडत नव्हता. मुंग्यांकडे बघत होता.

"उतरला त्यो," आवडाबाई म्हणाली. तिच्या आवाजात भीती वगैरे काही नव्हती. पाहुणा आल्याचं सांगावं तसं ती बोलली. आणि घाईघाईने घराकडे वळली. "सांजंला जेवायला येतो म्हनला व्हता. भात वाढवायला हवा."

तिने खरोखरच भात वाढवला. रेशनचे दिवस, पण म्हातारीने हात आखडता घेतला नाही. चौघांची पानं मांडायची तिथे पाच मांडली. आमची जेवणं झाली तरी ते पाचवं पान तिने उचललं नाही, झाकून ठेवलं. चार वाजेपर्यंत आम्ही ओटीवर बसलो होतो. वाटेकडे मी बघत नव्हतो, असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. कोणी आलं नाही. शेवटी गाडी चुकेल म्हणून उठलो, तेव्हा धाकूबाबा म्हणाले, "खालच्या वाटंनं परस्पर गेला असंल. तुमी घरी सांगा." आमचे दोन दगड मात्र आम्ही त्याआधीच ओढ्यात टाकले होते. म्हाताऱ्याने ते समोर उभं राहून करून घेतलं.

गिरगावात मधूच्या काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि आमची अक्कल काढली. "दगड हलला म्हणून माणूस जिवंत? चार बुकं शिकलात ना रे?" त्यांच्या जागी असतो तर मीही हेच बोललो असतो. मधू एवढंच म्हणाला, "मी क्रियेला बसणार नाही." त्याच्यावाचून क्रिया होत नव्हती. अमावास्या तशीच गेली.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी मला चाळीच्या जिन्यात गाठलं.

"भाऊजी, खरं सांगा. मधूभाऊजींनी उचलला का तो?"

"नाही, वहिनी. मी पुढे होतो."

"तुम्ही?"

"मी कशाला उचलू? माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण दगड नव्हता, एवढं खरं."

त्यांनी मान हलवली आणि पाण्याची कळशी घेऊन वर गेल्या.

नाना आला नाही. पुढच्या वर्षी स्वातंत्र्य आलं, तुरुंगातले, रानातले, परगावचे लोक घरी परतले, पण नाना नाही. पत्र नाही, निरोप नाही. वहिनी मास्तरीण झाल्या, त्यांनी मधूची मुलं वाढवली आणि ठसठशीत कुंकू लावून त्या आयुष्यभर चाळीत वावरल्या. मला मात्र एक गोष्ट छळत राहिली. आम्ही जाऊन त्या दगडाची बातमी आणली नसती, तर कदाचित त्यांनी वाट बघणं सोडलं असतं. एका खळग्यापायी एक आख्खा जन्म अडकवला की काय आम्ही?

मधू गेल्यावर दोन वर्षांनी, वहिनींची सत्तरी उलटल्यावर, मी हे धीर करून त्यांना बोलून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हसल्या.

"दगड तिथेच असता तरी मी कुंकू पुसलं नसतं, भाऊजी. पण पुसायला चार जणी आल्या असत्या, आणि माझे दोन्ही हात धरले असते त्यांनी. त्या आल्या नाहीत." त्यांनी एक खडा काढून बाजूला ठेवला. "तो कोणी उचलला, ते तुम्ही शोधत बसा. मला त्याच्याशी काही कर्तव्य नाही."

वहिनी गेल्या त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मी धूर हिशेबात घेऊन पाहिला, माकडं, म्हशी, म्हाताऱ्यानेच दया येऊन उचलला असेल, सगळं लावून पाहिलं. कागदावर त्या जागेचा नकाशासुद्धा काढला, पावलांच्या मापाने. त्यात आंबा आहे, ओढा आहे, वाफा आहे, आमची वाट आहे. दुसरी वाट मला अजून काढता आलेली नाही.