दोन हजार पाचशे एकवीस विटा

धायरीत कॉम्प्युटर कंपनीची इमारत उठत होती, तेव्हा विटा रचायचं काम माझं. सारख्या ओळी लावायच्या, एकही वीट उरता कामा नये, हा माझा हट्ट. त्या दिवशी मोजल्या तर दोन हजार पाचशे एकवीस. कितीच्याही ओळी लावा, बसेनात. शेजारच्या टपरीवर रोज हवेत बोटानं आकडे लिहीत चहा पिणारी एक मुलगी माझी मोजणी ऐकत होती.

"आजोबा, हा आकडा कशानंच भागत नाही. पन्नासापर्यंत मनात भागून पाहिलं, पुढं बघायची गरज नाही."

"तू कवा मोजल्यास विटा?"

"मोजायच्या कशाला? एक काढा, मग दोनापासून दहापर्यंत कितीच्याही ओळी लावा."

दोन दिवस हट्टानं लावून पाहिल्या. सगळ्या बसल्या. त्या काढलेल्या विटेला मी कुणाचा पाय लागू दिला नाही.