नव्या डब्यातली

बाबा सिंचन खात्यातून निवृत्त झाले, तेव्हापासून रविवारी दुपारी आम्ही बापलेक जग जिंकायला बसायचो. टेबलावर जगाचा नकाशा, फासे आणि देशोदेशी उभ्या केलेल्या फौजा. हा खेळ मी शाळेत होते तेव्हा त्यांनी नागपूरहून आणला होता.

सोंगट्या हरवत गेल्या, म्हणून मी नवा डबा मागवला. नव्या आवृत्तीत शिपाई, घोडेस्वार, तोफा होत्या. जुन्यात नुसते प्लास्टिकचे त्रिकोण आणि चांदण्या. बाबांना जुन्या टाकवेनात. त्यांनी दोन्ही डबे एकत्र केले आणि नियम ठरवला, जुनी चांदणी आणि नवी तोफ, दोघींची ताकद सारखी. "जुने-नवे एकाच पलटणीत लढतीन," ते म्हणाले.

बरेच महिने मजेत गेले. मग एकदा खेळता खेळता त्यांनी आपल्याच हिरव्या तोफेवर बोट ठेवलं. "हे कोनाची?"

"तुमचीच, बाबा."

"माह्या फौजेत अशी तोप नाई. कोनं बदलून ठेवली?"

मला वाटलं, गंमत करताहेत. "हौ, शत्रूनं ठेवली," मी म्हटलं. ते हसले नाहीत. तोफ खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली आणि हलक्या आवाजात म्हणाले, "दिसाले बरोबर आहे. पन ते नोहे."

पुढच्या खेपेला त्यांनी नव्या सगळ्या सोंगट्या वेचून बाहेर काढल्या. मग चष्मा कुणीतरी बदलला म्हणाले, मग टॉवेल, मग कपाटाची किल्ली. आई म्हणायची, वय झालं त्यायचं.

एका सकाळी ती पोह्यांची बशी घेऊन आली. "ठेवा, बाई," बाबा म्हणाले. ती वळल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हे तुई आई नोहे."

"असं काहून बोलता, बाबा?"

"चेहरा तोच आहे, साडी तेच आहे. पन हे नव्या डब्यातली होय."

आई अजून दारातच होती. चौकट धरून ती तशीच उभी राहिली.

नागपूरच्या डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या. वाद घालू नका म्हणाले. समोर ओळखलं नाही तरी फोनवर आवाज ओळखतील कदाचित. तेव्हापासून आई मागच्या खोलीत जाऊन बाबांना फोन लावते. तिचा आवाज ऐकताच त्यांचा चेहरा खुलतो.

"कुठं आहेस तू? कटंगीले गेलतीस का?" कटंगी तिचं माहेर.

"हौ. येऊन राह्यली."

"लवकर ये. इथं घरात एक बाई घुसली आहे. सैपाक बरा करते, पन दिवसभर माह्यावर नजर ठेवते."

"बरं," आई म्हणते. फोन ठेवते, डोळे पुसते आणि त्यांचं ताट वाढायला स्वयंपाकघरात जाते.

तिच्या हातचं ते खातात, पण पहिला घास मला घ्यायला लावतात. मी गिळेपर्यंत माझ्या गळ्याकडे पाहत राहतात.

परवा मी तो घास घेतला, पाणी प्यायले, ताट त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी हात लावला नाही. माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश पाहिलं, ताट परत माझ्याकडे ढकललं आणि अदबीनं विचारलं, "तुमी कधी आल्या?"