सगळ्या फोटोंत मध्ये अंतरपाट

मंडळी, आज माझं लग्न खोटं ठरता ठरता वाचलं.

नवरा कॅनडात, मी देवासला. व्हिसाच्या ऑनलाइन इंटरव्ह्यूत साहेबांनी विचारलं, “एकाही फोटोत तुम्ही दोघं शेजारी का नाही?” सासूबाईंनी फक्त मंगलाष्टकांचे फोटो निवडले होते, कारण त्यांत सगळे नातेवाईक आलेत. आमच्या मध्ये मात्र अंतरपाट.

“मांडूच्या सहलीतले पाठवा म्हटलं होतं ना,” मी स्क्रीनवरच्या नवऱ्यावर उखडले.

“तूच म्हणालीस, त्यात जाड दिसतेय.”

“मी? तुम्ही म्हणालात.”

आमची चांगलीच जुंपली. शेवटी साहेब हसले. “पुरे. खोटी जोडपी माझ्यासमोर फार गोड बोलतात. पासपोर्ट पाठवा.”

सकाळी सासूबाईंनी बजावलं होतं, साहेबांसमोर तोंड आवर. आता गल्लीभर सांगताहेत, सूनबाईच्या तोंडानेच व्हिसा आणला.

तुमच्याकडे आहे का हो असा पक्का पुरावा?