केळीच्या बुडाशी ओतलेली पेज

हे मी आजवर कुणालाच बोलले नाही. नवऱ्याला नाही, मुलीला तर नाहीच. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जीभ उचलतेय.

आम्ही तेव्हा घाटंजीला होतो — अठ्ठावन्न साल असेल. माझे यजमान ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर. माझ्या भावानं आमच्या कुसुमसाठी नागपूरहून एक गिनीपिग आणला होता, गुबगुबीत, बिनशेपटीचा. कुसुमनं त्याचं नाव ठेवलं गोट्या. त्याच्या जबड्याखाली गळू झालं. यजमानांनी सकाळी ईथर हुंगवून ते कापलं आणि लगेच दौऱ्यावर निघाले; झरीकडे बैलांना रोग लागला होता. जाताना बजावलं, की त्याला ऊब द्या, आणि शुद्धीवर आला की तासातासाला पोटात काहीतरी घाला. त्याचं पोट थांबलं की तो संपला.

त्याला सावरलं ते भागाबाईनं. दवाखान्यात झाडलोट करायची ती. आईवेगळी करडं जगवण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिच्या घरच्यांनी बुद्धाची दीक्षा घेतली होती. तिनं आपल्या घरून ज्वारीची पातळ पेज करून आणली, ओसरीवर बसून गोट्याला पदरात गुंडाळलं, आणि कापसाची वात बुडवून थेंब थेंब त्याच्या तोंडात सोडत राहिली. बऱ्याच वेळानं त्याचे ओठ हलले.

"बाई, खाऊन राह्यला जी!" म्हणाली, आणि पोरीसारखी हसली.

मग तिला कामावर जायचं होतं. पेजेची वाटी माझ्या हाती देऊन म्हणाली, "तासातासानं द्या, इसरू नका."

मी स्वतःला सुधारलेली समजत होते. महिला मंडळात जातिभेदावर भाषणही ठोकलं होतं, टाळ्या पडल्या होत्या. सासूबाई दूर अकोल्याला. मला अडवणारं घरात कोण होतं? कुणीच नाही. मग ती वाटी ओट्यावर ठेवताना माझा हात का थबकला? तिच्या घरची पेज, माझ्या स्वयंपाकघरात — आणि कुसुम तर गोट्याचे मुके घेते —

मी ती पेज परसात केळीच्या बुडाशी ओतली. वाटी राखेनं घासली. दोनदा.

आपली पेज करू, म्हटलं. केली का? नाही. आधी जेवले. मग जरा आडवी झाले. डोळा उघडला तेव्हा कुसुम शाळेतून येऊन टोपलीपाशी बसली होती. गोट्याचे दात घट्ट मिटलेले, पोट फुगलेलं. तेव्हा धावत जाऊन चूल पेटवली — कशाला? दिवेलागणीच्या आत तो गेला. कुसुम रडून रडून झोपली.

दुसऱ्या दिवशी यजमान परतले. त्यांनी विचारलं, काय दिलं होतंस? आणि मी — मी म्हणाले, भागाबाईची पेज बाधली.

इतकंच. त्यांना ते खरं वाटलं. न वाटायला काय झालं? त्यांनी तिला ताकीद दिली, यापुढे जनावराला हात लावायचा नाही, झाडू सोडून काही करायचं नाही. कुसुमनं तिच्याशी बोलणं टाकलं. मी आत भाजी चिरत होते, सगळं ऐकत होते.

त्यानंतर भागाबाईनं एकही करडू मांडीवर घेतलं नाही. लोक घेऊन यायचे तर म्हणायची, "नाही बाप्पा, माह्या हाताले गुण नाही."

आमची बदली होईपर्यंत चार वर्षं गेली. मध्येच कधीतरी झाडता झाडता ती थांबायची आणि हळूच विचारायची, "बाई, माह्या हातून मीठ तं नसन पडलं त्याच्यात?"

"जाऊ दे भागाबाई," मी म्हणायचे, "मी कधीच मनातून काढून टाकलं ते."

आणि ती मला हात जोडायची.