टाचणीबाईचा पाय आणि पडद्यावरची आय

टाचणीबाई आमच्या गल्लीत कपडे लहानमोठे करून देते. ओठांत कायम टाचण्या, म्हणून हे नाव. टाचण्या धरूनच बोलते. ओठाला ओठ टेकवायची सोय नाही, त्यामुळे निम्मी अक्षरं आतच राहतात. आम्हाला सवय आहे. डावा पाय जन्मापासून आखूड. "सगळ्या गल्लीच्या विजारी मापात आणल्या, माझाच पाय तेवढा राहिला," असं म्हणून स्वतःच हसते.

ॲनिमेशन करणारी एक मुलगी आली. गल्लीतल्या माणसांवर छोटी फिल्म करायची म्हणाली. तिला टाचणीबाईकडे मीच नेलं. आमच्या गल्लीतलं कुणी, त्यातून पायानं अधू, पडद्यावर दिसतंच कुठं? मुलीनं दुकानात बसून आवाज रेकॉर्ड केला. अटही मीच घातली: आधी टाचणीबाई बघणार, ती हो म्हणाली तरच फिल्म बाहेर जाणार.

परवा दुकानातच भिंतीला अस्तराचं पांढरं कापड लावून मुलीनं फिल्म दाखवली. त्रिकोण, चौकोन, वळवळणाऱ्या रेघा. त्यांतून एक मोठं जांभळं वर्तुळ पिवळ्या ठिपक्याला कडेवर घेतल्यासारखं चाललेलं. वर टाचणीबाईचा आवाज.

माझं डोकंच सटकलं. "रंग सात, माणूस एक नाही! आणि हिचा पाय कुठाय?"

"पाय?" मुलगी बावरली. "त्या तर आईबद्दल बोलल्यात, ताई. ऐका ना."

तिनं पुन्हा लावलं. "आय शिकवेल तेच शिकते. आय नेईल तिकडं जाते."

"अगं बाई, पाय म्हणतेय ती! तोंडात टाचण्या असल्यावर 'प' कुठून निघणार?"

मुलीचा चेहरा उतरला. टाचणीबाईला आई आठवतसुद्धा नाही, चुलतीच्या हाताखाली वाढली ती.

"मी बदलते," मुलगी म्हणाली. "आई काढते, पाय घालते."

"घालायलाच पाहिजे! नाहीतर कुणाची फिल्म आणि कसलं काय!"

टाचणीबाईनं नुसतं बोट फिरवलं. पुन्हा लाव. मग आणखी एकदा. वर्तुळ ठिपक्याला घेऊन निघालं की ती मान पुढं काढायची. मला काही उमगेना. हिचा पाय पुसला म्हणून मी भांडतेय, आणि हिला त्याचं काहीच नाही?

"अगं, तू तरी बोल!"

तिनं ओठांतल्या टाचण्या काढून मनगटावरच्या गादीत खोचल्या. इतकं मोकळं तोंड मी तिचं पाहिलंच नव्हतं.

"पाय माझा आहे. तो ठिपक्याला दे. लंगडू दे त्याला."

"आणि वर्तुळ?" मुलीनं विचारलं.

"आईला हात लावायचा नाही."

"पण ते खोटंय!" मी ओरडले. "तुला आई होती कुठं?"

"तुला काय ठाऊक?" ती माझ्यावर खेकसली. मग जरा थांबून म्हणाली, "मला तरी काय ठाऊक!" आणि हसत सुटली.

"मग हो समजू की नाही?" मुलगी रडकुंडीला आलेली.

"ठिपका लंगडला की हो."

अट माझी, म्हणून दोघी माझ्याकडे बघू लागल्या. गल्लीच्या कामांसाठी भल्याभल्या साहेबांना गप्प करणारी मी. तोंड उघडलं, आणि आत एकही टाचणी नसताना शब्द फुटेना.