साडूभाऊंनी लावलेला भाव

जगातलं कोणतंही घर माझ्या साडूंच्या नजरेसमोर अर्ध्या तासाहून जास्त उभं राहू शकत नाही. लातूर-नांदेडातली कितीतरी घरं त्यांनी एकही वीट न हलवता, नुसत्या बोलण्यानं जमीनदोस्त केली आहेत. पाटबंधारे खात्यातली सगळी कारकुनी त्यांनी लातुरात भाड्याच्या घरात काढली आणि सुट्टीच्या दिवशी विकाऊ घरं बघत हिंडले. घर जितकं जुनं, तितके ते खूश. आत शिरले की आधी किल्लीनं भिंतीचे पोपडे उकरायचे, मग न्हाणीत तांब्याभर पाणी ओतून ते कुठं साचतं हे बघत उकिडवे बसायचे. एकदा तर त्यांनी एका मालकाच्या आजारी वडिलांना खाटेसकट सरकवायला लावलं. मागची ओल बघायची होती. "डाग लपवायला म्हाताऱ्याला निजवलंय," असं वर माझ्या कानात म्हणाले, ते म्हाताऱ्यालाही ऐकू गेलं.

त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेहुणी अक्का, सुरुवातीला या छंदाला हसायची. तिला कुठलंही घर चाललं असतं. स्वतःचं असलं की झालं. साडू रिटायर झाल्यावर तिनं नांदेडला, बहिणीच्या जवळ यायचं मनावर घेतलं. आमच्या मागच्या गल्लीत एका मुसलमान म्हातारीचं, सगळ्यांच्या खालाचं, घर विकायला निघालं होतं. खालाचा नवरा बांगड्या विकायचा. तो गेल्यावर ती हैदराबादला लेकीकडे निघाली होती. स्लॅब गळत होता, दारांना वाळवी लागली होती, पण अक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली ती उठेचना. खाला तिला म्हणाली, "या कोनाड्यात माझं कुराण असतं. तुमचे देव इथंच ठेवा, धूळ येत न्हाई."

खालानं बावीस लाख सांगितले. दुरुस्तीचा खर्च धरून एकोणीस म्हणावेत असं आमचं घरून ठरलं होतं. साडू खालासमोरच वजाबाकी करायला लागले.

"स्लॅब गेला. वायरिंग गेलं. न्हाणी तर पाडायलाच लागते. खाला, हे घर न्हाई, मलबा हाय मलबा. चौदा."

"अहो, एकोणीस तरी म्हणा," अक्का हळूच म्हणाली.

"तू गप बस. दुरुस्तीचा पैसा काय तुझ्या माहेरून येणार हाय?"

माझी बायको तोंड फिरवून अंगणात निघून गेली. खाला शांतपणे म्हणाली, "साब, आमच्या मियाँनं हे घर स्वतः पाणी मारमारून बांधलं."

"म्हणूनच गळून राहिलंय," साडू म्हणाले आणि एकटेच हसले.

बाहेर आल्यावर त्यांनी मला समजावलं, "साडूभाऊ, बघा, खालाचा फोन येतो का न्हाई. असल्या घराला गिऱ्हाईक कुठून येणार?" फोन आला नाही. अक्का मात्र लातुराहून रोज बहिणीला विचारायची, "कुणी बघून गेलं का गं?" मी साडूंना दोनदा म्हणालो, थोडं वाढवा. "आपण वाढवलं की ती जास्तच ताणती," ते म्हणाले. मग एका सकाळी त्या घरापुढं धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्याच्या सामानाचा टेम्पो उभा राहिला. अठरात सौदा झाला होता. मी खालाला गाठलं.

"अक्काला मी सतरातही दिलं असतं," ती म्हणाली. "पण त्या साबच्या हातात मियाँचं घर द्यायला दिल झाला न्हाई."

मी हे लातूरला जाऊन सांगितलं, तेव्हा अक्का समोर मेथी निवडत होती. "अठरा? फसला की तो!" साडू म्हणाले. अक्कानं निवडलेली आणि न निवडलेली भाजी एकत्रच उचलली आणि ती आत गेली. तो दिवस माझ्या चांगला लक्षात आहे. त्यानंतर तिनं घराचा विषय कधी काढला नाही. पुढं लातुरातल्या मालकानं जागा रिकामी करायला सांगितली, तेव्हाही तिनं काही न विचारता भांडी पोत्यात भरली.

परवा साडूंचा फोन आला. "तुमच्या भागात एखादं घर बघा. मालक म्हणेल ते देऊ," म्हणाले. मला वाटलं, चेष्टा करताहेत. तेवढ्यात अक्कानं फोन घेतला. "भाऊ, त्यांचं मनावर घेऊ नका. आता माझ्यानं एवढं घर झाडणं होत न्हाई."

तिच्यामागून साडूंचा आवाज आला. "मग लहान बघू. तुला कसलं पाहिजे, सांग ना."

इतक्या वर्षांत त्यांनी हे तिला विचारलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. फोन चालूच राहिला, आणि त्यांच्या भाड्याच्या घरातला पंखा तेवढा खडखडताना मला बराच वेळ ऐकू येत होता.